वाचकांचे प्रश्न : कुरवांच्या थव्यातला वेगळा पाहुणा

प्रश्न : भिगवणजवळ उजनी जलाशयावर नावेतून पाहताना तपकिरी डोक्याच्या कुरवांमध्ये (सीगल पक्ष्यांमध्ये) एक लांब मानेचा, पांढऱ्याशुभ्र डोक्याचा कुरव दिसला. तो बारीक चोचीचा कुरव असेल का?

उत्तर : शक्यता आहे, आणि तसे असेल तर आपली नोंद फार मोलाची आहे, कारण हा पक्षी हिवाळ्यात मुख्यतः गुजरातच्या किनाऱ्यावर आढळतो. मात्र केवळ पांढऱ्या डोक्यावर विसंबू नये. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचेही डोके पांढरे होते, पण कानामागे गडद ठिपका उरतो. बारीक चोचीच्या कुरवात तो नसतो किंवा अगदी फिकट असतो. फिकट डोळा दोघांच्याही प्रौढांत असल्याने ती खूण येथे उपयोगाची नाही. खरा निवाडा पंखांवर होतो : तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखांची टोके ठळक काळी असून त्यांत पांढरे डाग असतात, तर बारीक चोचीच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा दिसतो. म्हणून उडतानाचे छायाचित्र असल्यास ते, तारीख व जागेसह, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अवश्य नोंदवावे. मात्र छायाचित्रासाठी नाव थव्यात घालू नये, ही कळकळीची विनंती.