त्या आजींचं नाव काय?

प्रिय मुला,

तू पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. स्टँडवर उभी लाल गाडी, दारात एक म्हातारी, काखेला पिशवी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण तिचं कार्ड घरी राहिलंय आणि कंडक्टर पुरावा मागतोय. ती पदर सावरते, त्याच्या डोळ्यांत बघते आणि म्हणते, ‘वय तोंडावर लिवलंय की, वाच!’ सगळी गाडी हसते. कंडक्टरही हसतो आणि सरकून तिला वाट देतो.

त्यावर तू सात मीम केलीस आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आता तुमच्या एजन्सीकडे आलेल्या एका कंपनीला ते वाक्य आणि ती म्हातारी जाहिरातीत हवी आहे, सोमवारच्या आत. कंपनी चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांचं क्रीम विकते. तू मला दोन गोष्टी विचारल्या आहेस. मीम करणं याला काम म्हणायचं का, आणि या जाहिरातीत काही गैर आहे का.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, काम आहे, आणि जुनं काम आहे. तुझ्या आजीने हळदीकुंकवाला घेतलेला उखाणा आठव. साचा ठरलेला, शेवटी यमक ठरलेलं, मधली जागा मोकळी. ज्या बाईला जे सुचेल ते तिने तिथे भरायचं. पहिला उखाणा कुणी रचला हे कुणी विचारत नाही. चांगला असेल तर दुसरीच्या तोंडी जातो, थोडा बदलतो, तिसऱ्या गावात पोचतो. तू एकाच चित्रावर दहा वेगवेगळ्या ओळी लिहितोस तेव्हा हेच करतोस. ‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 साली घडवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फोन नव्हता. एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात नकलेने जाणारी गोष्ट, एवढाच त्यांचा अर्थ होता. चाली, म्हणी, पोशाखाची रीत, सगळं त्यात बसतं. मुंबईच्या रस्त्यांवर अमूलची मुलगी 1966 पासून ताज्या बातमीवर कोटी करत उभी आहे. तेव्हा तुमच्या धंद्याचं वय लोक समजतात त्याहून बरंच जास्त आहे.

हे आता कट्ट्यावरून उठून ओसरीवर आलं आहे, एवढंच नवं. मुंबई पोलीस 2015 च्या अखेरीस ट्विटरवर आले आणि हेल्मेट घाला, पासवर्ड जपा हे मीमच्या भाषेत सांगू लागले. 2020 च्या टाळेबंदीत औरंगाबादच्या यशराज मुखातेने एका जुन्या हिंदी मालिकेतल्या सासूच्या संवादाला चाल लावली, आणि ‘रसोडे में कौन था’ हा प्रश्न देशभर झाला. मालिका बंद पडून तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी तिचा दुसरा भाग पडद्यावर आला. मला त्या पोराचं कौतुक आहे, कारण त्याने त्या प्रसंगातला ठेका ऐकला. आपण सगळ्यांनी तो प्रसंग पाहिला होता, ठेका कुणालाच ऐकू आला नव्हता.

आता ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ घे. जून 2022. शिवसेनेतून फुटलेले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात, इकडे सरकार डळमळलेलं. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि ते बोलणं बाहेर आलं. आठवडाभरात त्याची गाणी झाली, मथळे झाले. सहलीचा फोटो टाकणाऱ्या प्रत्येकाला खाली लिहायला ओळ मिळाली. 30 जूनला नवं सरकार आलं, आणि पुष्कळांच्या मनात त्या सत्तांतराची आठवण म्हणून हे एक वाक्य राहिलं.

मी त्या वाक्यावर फार विचार केला आहे. सांगोला कमी पावसाचा तालुका. टँकरची वाट बघत मोठ्या झालेल्या माणसाला हिरवा डोंगर दिसला की त्याच्या तोंडून काय निघेल? तेच निघालं. त्यात लय आहे, तीन वेळा ‘काय’ येतो आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा वर चढतो. राजकारण बाजूला ठेवलं तर ती ओवीच आहे. पण पुण्या-मुंबईतले लोक ती म्हणताना ‘डोंगार’ आणि ‘हाटील’ या दोन शब्दांवर जोर द्यायचे. काहींच्या हसण्यात माया होती. काहींच्या हसण्यात एवढंच होतं की बघा, हे कसे बोलतात. माणदेशी बोलीला आपल्या करमणुकीत किती वर्षं गड्याचं नाहीतर विनोदी पात्राचं काम मिळालं, ते आठव. शब्द तेच, वाक्य तेच, आणि हसू दोन जातींचं. तू मीम करशील तेव्हा यातलं कोणतं हसू मागतो आहेस हे तुला आतून कळत असतं. कळत नाही असं मला कधी सांगू नकोस.

आणि काय कापलं गेलं तेही बघ. त्याच जून महिन्यात आसामात भयंकर पूर होता, सिलचर शहर पाण्याखाली होतं, लाखो माणसं घराबाहेर होती. आपल्याकडे डोंगार आले, हाटील आलं, पूर आला नाही. मीम चालतं ते कापल्यामुळे. कापलेला तुकडाच हातोहात फिरतो, आख्खा प्रसंग कुणी खांद्यावर घेऊन फिरत नाही. म्हणून कापणाऱ्याने तरी कात्रीबाहेर काय पडलं ते लक्षात ठेवावं. (नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत शहाजीबापू सांगोल्यातून हरले. ज्यांचं वाक्य राज्यभर तोंडी होतं त्यांना घरच्या मतदारांनी वेगळ्याच हिशोबाने तोललं. पोच किती झाली याचे आकडे दाखवून कुणी तुला भुलवू लागलं तर हेही आठव.)

कात्रीचं मी एवढं का बोलते ते सांगते. वर्गात मी हे कधी सांगितलं नव्हतं.

मी उपसंपादक होते तेव्हा दहावीच्या निकालाच्या दिवशी एक फोटो आला. भिंतीवर यादी लावलेली, समोर एक मुलगा तोंड झाकून रडतोय. मी त्याखाली दोन शब्दांची गमतीदार ओळ दिली. ऑफिसात सगळे हसले, संपादकांनी पाठ थोपटली. लोकांनी तो फोटो कापून दुकानांत लावला, नंतर फोन आले तेव्हा कुणीतरी तो त्यातही घातला. फोटो छापून आला त्या आठवड्यातच मुलाचे वडील आले होते. ओरडले नाहीत. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, ‘बाई, तो पास झालाय. त्याचा जुळा भाऊ नापास झाला म्हणून रडत होता.’ मी माफी मागितली, आतल्या पानावर खुलासा छापला. तो कुणी कापून दुकानात लावला नाही. भावासाठी रडणारं पोर आमच्या गावात नापास म्हणून ओळखलं गेलं, आणि ती ओळ माझी होती. तीस वर्षं झाली, अजून रात्री आठवतं.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 2002 साली एका शाळकरी मुलाने एकटाच असताना एका प्रसिद्ध चित्रपटातल्या तलवारबाजीची नक्कल करून स्वतःला चित्रित केलं. ती फीत वर्गातल्या मुलांच्या हाती लागली आणि पुढच्या वर्षी जगभर गेली. तेव्हा यूट्यूबसुद्धा नव्हतं. लोक पोट धरून हसत होते आणि तिकडे त्या मुलाला शाळा सोडावी लागली. घरच्यांनी दावा लावला, तडजोड झाली. तो पुढे कायदा शिकला.

याच्या उलट 2007 चा एक फोटो आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाळूची मूठ आवळलेलं अमेरिकन बाळ, चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव. तू शंभरदा वापरला असशील. फोटो त्याच्या आईने काढला होता. 2015 मध्ये त्याच्या वडिलांना मूत्रपिंड बदलायची वेळ आली तेव्हा त्या फोटोमुळे ओळख झालेल्या लोकांनी पैसे उभे केले. 2020 मध्ये एका राजकारण्याच्या प्रचाराने तोच फोटो निधी मागायला वापरला आणि आई कोर्टात गेली. भरपाई मिळाली 750 डॉलर. पैशाने मोजशील तर काहीच नाही. पण पोराच्या नावाने कोण काय मागतंय याकडे त्या बाईचं इतकी वर्षं लक्ष होतं.

उखाण्यात आणि मीममध्ये मला फरक दिसतो तो इथे. उखाणा घेणारी बाई खोलीत असते. तिच्यावर हसलात तरी तिच्या समोर हसता, तिला उलटून बोलता येतं. मीममधला माणूस खोलीत नसतो. त्याला आत आणून बसवणं हे करणाऱ्याचं काम.

कायदा तुझ्या एजन्सीचे वकील सांगतीलच, पण दोन गोष्टी माझ्याकडून ऐक. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि ‘झकास’ म्हणण्याची त्यांची लकब परवानगीशिवाय धंद्याला वापरायला मनाई केली. मे 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांना तसंच संरक्षण मिळालं, त्यात ‘भिडू’ होता. दोन्ही शब्द आपल्या गल्लीतले, म्हणून मला त्या बातम्या जास्तच जवळच्या वाटल्या. पण श्रॉफ यांच्याच प्रकरणात एका गमतीच्या व्हिडिओवर न्यायालयाने लगेच बंदी घातली नाही, अशा निर्मितीची गळचेपी होऊ नये म्हणून. गंमत करणं आणि माल विकणं, यातली रेघ तुला तिथे दिसेल. तुझी सात मीम रेघेच्या अलीकडे आहेत. सोमवारची जाहिरात पलीकडे आहे.

नटांकडे वकील आहेत. त्या म्हातारीकडे एक पिशवी आहे आणि घरी राहिलेलं कार्ड आहे.

आणि मला सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच. ती बाई आपलं वय दाखवते आहे. तिच्या सुरकुत्या हा तिचा पुरावा, तिचा हक्काचा पास. त्या तोंडावर बोट ठेवून ती वाट मागते आणि तिला वाट मिळते. तुमची जाहिरात तेच वाक्य घेऊन म्हणणार की वय तोंडावर लिहिलंय, आता पुसा. तिच्या वाक्याची पाठ तिच्याकडेच फिरवलीत की! तू शब्दांतला माणूस आहेस, हे तुला दिसायला हवं होतं. दिसलंही असणार, नाहीतर तू मला पत्र लिहिलं नसतंस.

सोमवार पाळू नकोस. मुदत वाढवून माग, आणि नाही मिळाली तर तसं लेखी कळव. गाडीच्या काचेआडची पाटी व्हिडिओत अर्धी दिसते, शेवटची दोन अक्षरं ‘पूर’ आहेत, आणि दाराजवळ आगाराचं नाव आहे. त्या आगारात जा. कंडक्टर भेटेल, त्याला ती कुठे उतरते ते माहीत असणार, अशा बाया रोजच्या असतात. घरी गेलास की आधी व्हिडिओ दाखव. तिने तो पाहिलाच नसेल असं धरून चाल. नातवंडांना जवळ बसवून घे, कंपनी कसलं क्रीम विकते ते तिच्या बोलीत सांग, किती पैसे देतील तेही सांग. ती हो म्हणाली तर करार तिच्या नावाने व्हायला हवा, मुलाच्या नाही. नाही म्हणाली तर चहा घे आणि ये.

तिचं नाव कळलं की मला फोन कर. कितीही वाजले असले तरी चालेल.

तुझी,
मॅडम