आरसा घासायच्या प्लास्टर टूलवरच्या टाइल्स का सुटतात?

तुम्ही लिहिलंय की दुर्बिणीच्या ६ इंची आरशासाठी ठाण्यात घरीच टूल, म्हणजे आरशाची काच जिच्यावर घासतात ती प्लास्टरची चकती, ओतलं, दोन दिवसांनी टाइल्स चिकटवल्या आणि घासायला घेताच त्या सुटल्या. माझ्या मते प्लास्टर आतून ओलं होतं. जुलैतल्या ठाण्याच्या हवेत दोन दिवस काहीच नाहीत हो! हाताला कोरडं लागतं, पण गालाला लावून बघा, गार लागलं तर पाणी अजून आत आहे. मी टूल पंख्याखाली ठेवून रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. मग सगळ्या बाजूंनी, बुडालाही, इपॉक्सीचा हात द्या, नाहीतर घासतानाचं पाणी ते परत पिईल.

पुढच्या वेळी साधं पीओपी नको, दातांच्या साच्यांसाठी मिळणारं डेंटल स्टोन घ्या, खूप कडक होतं. आरशाच्या काचेवर प्लास्टिक ताणून तिच्यावरच ओता. टाइल्स बिनग्लेझच्या, म्हणजे वर चकचकीत थर नसलेल्या हव्यात. आणि एक नक्की सांभाळा: टाइलचा मध्य टूलच्या बरोब्बर मध्यावर येऊ देऊ नका, थोडा सरकवा, नाहीतर आरशावर गोल वळ्या उमटतात.