जुना सिस्को २९६० स्विच कन्सोलवरून कसा सेट करायचा आणि व्हीलॅन खरंच वेगळे झालेत हे कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की स्विच सेकंडहँड आहे, कन्सोल केबल (स्विच थेट सेट करायची केबल) लावल्यावर पुट्टी या प्रोग्रॅममध्ये नुसती वेडीवाकडी चिन्हं येतात, आणि ऑफिसचे कॉम्प्युटर व कॅमेरे दोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवरच्या दोन वेगळ्या नेटवर्कमध्ये, ठेवायचेत.

चिन्हं येतायत म्हणजे केबलमधून डेटा येतोय. गडबड बहुतेक स्पीडची आहे. पुट्टीत स्पीड ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं ठेवा. तरी तेच दिसलं तर १,१५,२०० लावून बघा. आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो. फ्लो कंट्रोल मात्र 'नन'च हवा. स्क्रीनवर सगळं दिसतं पण टाइप केलेलं उमटत नाही, तेव्हा मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

जुना पासवर्ड आडवा आला तर स्विचची पॉवरची वायर काढा, समोरचं मोड बटण दाबून धरा आणि वायर परत लावा. 'स्विच:' असा प्रॉम्प्ट येईल. तिथे फ्लॅश (स्विचची साठवणीची मेमरी) इनिट करून 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' या फाइलचं नाव बदला आणि बूट करा. सुरुवातीच्या प्रश्नावलीला 'नो' म्हणा. मग फ्लॅशमधली 'व्हीलॅन डॉट डॅट' फाइलही (हिच्यात व्हीलॅनची यादी असते) उडवा. हे कृपा करून टाळू नका: सेटिंग पुसणाऱ्या 'राइट इरेज' कमांडने ती जात नाही, आणि व्हीटीपीचा (स्विच आपसात व्हीलॅनची यादी वाटतात ती पद्धत) जुना रिव्हिजन नंबर मोठा असेल तर असा स्विच चालू नेटवर्कमधले व्हीलॅन पुसू शकतो.

पुढचं सोपं आहे. कॉम्प्युटरसाठी व्हीलॅन १० आणि कॅमेऱ्यांसाठी २० बनवा, पोर्ट ॲक्सेस मोडमध्ये (एका पोर्टावर एकच व्हीलॅन) टाकून वाटून द्या, 'शो व्हीलॅन ब्रीफ'ने यादी बघा.

आता खरी तपासणी. बरेच जण दोन लॅपटॉपना दोन वेगळ्या सबनेटचे (आयपी पत्त्यांच्या गटांचे) आयपी देतात, पिंग (एकाकडून दुसऱ्याला उत्तर येतं का ते बघायची कमांड) जात नाही, आणि काम झालं समजतात. तसं पिंग एकाच व्हीलॅनमध्येही गेलं नसतं! दोघांना एकाच सबनेटचे आयपी द्या, समजा १९२.१६८.१०.११ आणि १२. दोघे व्हीलॅन १० मध्ये असताना पिंग गेलंच पाहिजे. नाही गेलं तर आधी विंडोजचा फायरवॉल बघा. मग एकाची केबल व्हीलॅन २० च्या पोर्टात घाला. दिवा केशरीचा हिरवा व्हायला स्पॅनिंग ट्रीमुळे (स्विचची लूप टाळायची तपासणी) साधारण ३० सेकंद लागतात, तेवढं थांबा. आता पिंग बंद झालं तरच व्हीलॅन वेगळे झाले.

शेवटी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग', आणि लगेच पॉवरची वायर काढून परत लावा. एका दवाखान्यात माझं हे सेव्ह करायचं राहिलं होतं. रात्री वीज गेली, सकाळी बिलिंग बंद. स्विचमध्ये व्हीलॅनची नावं जशीच्या तशी होती, कारण ती वेगळ्या फाइलमध्ये आपोआप राहतात. पण सगळे पोर्ट परत व्हीलॅन १ मध्ये. त्या नावांमुळे माझा अर्धा तास भलतीकडेच गेला. म्हणून रीस्टार्टनंतर नावं नव्हे, पोर्टचा रकाना वाचा.

कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर व्हीलॅन २० मध्येच ठेवा. ऑफिसातून बघायचं असेल तर राउटरकडे ट्रंक (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारं पोर्ट) द्या. पुढे त्या ट्रंकवर 'अलाउड व्हीलॅन'मध्ये नवा नंबर वाढवताना 'ॲड' हा शब्द लिहायला विसरू नका, नाहीतर आधीचे सगळे व्हीलॅन तिथल्या तिथे तुटतात.