आधी दिशा, मग वेग : गोव्याच्या वाऱ्याविषयी प्रश्नोत्तरे

फेब्रुवारी लागला की मोरजी, अश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात दुपारी काइटबोर्डिंगचे, म्हणजे माणसाला फळीवरून पाण्यावर ओढत नेणाऱ्या मोठ्या पतंगांचे, रंगीत काइट दिसू लागतात, आणि वाऱ्याबद्दल विचारणारी पत्रंही त्याच सुमारास येतात. त्यातल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देतो.

प्रश्न : माझा मुलगा मोरजीला काइटबोर्डिंग शिकतो. परवा सकाळी साडेआठला समुद्र अगदी तळ्यासारखा होता, वाराही चांगला लागत होता. तरी शिक्षकांनी कुणालाच पाण्यात सोडलं नाही, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. हे बरोबर आहे का? (पेडणे)

ताई, पूर्ण बरोबर आहे. असे शिक्षक मिळाले याचं समाधान माना.

सकाळचा तो वारा म्हणजे मतलई. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि तिच्यावरची जड हवा समुद्राकडे सरकते. किनाऱ्यावर उभं राहिलं की हा वारा पाठीवर लागतो. किनाऱ्यालगत त्याला लाटा उठवायला अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी इतकं निवांत दिसतं. पण चूक झाली, काइट पाण्यात पडला, की हा वारा माणसाला थेट खोल समुद्राकडे नेतो. नवख्याला वाऱ्याच्या विरुद्ध परतणं जमत नाही.

मी शिकत होतो तेव्हा करंजाळेला अशाच एका सकाळी विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड (सेल) लावलेला, बोर्ड घेऊन उतरलो होतो. आत जायला दहा मिनिटं लागली. मग दोन तास धडपडूनही किनारा जवळ येईना. मासेमारी करून परतणाऱ्या होडीतल्या एका काकांनी दोर टाकला तेव्हा सुटलो. बोर्ड सोडून पोहत निघालो असतो तर त्यांना माझं डोकंही दिसलं नसतं. मुलाला हे जरूर सांगा : काहीही झालं तरी तरंगणारी वस्तू सोडायची नाही.

दुपारी जमीन तापते आणि खारे वारे सुरू होतात. आधी ते साधारण पश्चिमेकडून येतात, मग पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत वायव्येचे होतात. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या गालावर तिरपे लागतात. शिकणाऱ्यासाठी हाच वारा, कारण दमलेल्या माणसाला तो तिरपा का होईना, वाळूवर आणून सोडतो.

मात्र वायव्य वाऱ्यात माणूस दक्षिणेकडे वाहत जातो आणि मोरजीच्या दक्षिणेला शापोरा नदीचं मुख आहे. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून वारा येतो, आणि दोघांच्या टकरीत आखूड, उभ्या लाटा उठतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. म्हणून सुरुवात उत्तरेकडून करायची आणि नदीच्या मुखाशी असलेल्या टेंबच्या बरंच आधी बाहेर पडायचं. नोव्हेंबर ते मार्च टेंबला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दोर लावून राखलेल्या त्या वाळूत काइट उतरवणं मला अजिबात मान्य नाही.

प्रश्न : ॲपवर ८ नॉट लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात जोरदार वारा असतो. कधी उलटही होतं. विश्वास कशावर ठेवायचा? (म्हापसा)

ॲपवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा जागतिक मॉडेलचा असतो. त्याच्या एका चौकोनात दहा-वीस किलोमीटरचा प्रदेश येतो, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, आतलं भाट (माडांची बाग) आणि समुद्र यांची सरासरी. खारा वारा नेमका या जमीन-पाण्याच्या सीमेवर जन्मतो, त्यामुळे त्याचा जोर मॉडेलच्या हाती पुरता लागत नाही. ॲप पाहायचं ते दिशा आणि दिवसाचा कल कळण्यासाठी. सकाळभर पूर्वेचा वारा जोरात दिसत असेल तर खारा वारा उशिरा येईल किंवा कमकुवत राहील, एवढं त्यावरून समजतं.

वेग पाण्यावर वाचावा. पांढऱ्या फेसाची टोकं तुरळक दिसली तर ७ ते १० नॉट, बऱ्याच ठिकाणी दिसली तर ११ ते १६, सगळीकडे फेसच फेस आणि तुषार उडायला लागले तर १७ च्या वर. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ही मोजणी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची आहे. मतलईत पाणी फसवतं, ते वर सांगितलंच. उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं बसून पाहा. दोन झोतांमध्ये वारा किती पडतो, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. १० आणि १८ च्या मध्ये उड्या मारणाऱ्या वाऱ्यापेक्षा सलग १३ नॉट केव्हाही चांगला.

प्रश्न : वजन ७२ किलो. १२ चौरस मीटरचा काइट सगळ्या दिवसांना चालेल का? (सावंतवाडी)

गोव्यातल्या बऱ्याचशा दुपारी चालेल, साधारण १३ ते १८ नॉटपर्यंत. त्यापुढे ९ चा हवा. लक्षात ठेवा, वाऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. वारा १२ नॉटवरून १७ वर गेला की ओढ दुप्पट होते. बारचं (हातातल्या दांड्याचं) क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटकन सोडवणारी कळ, डोळे मिटून ओढता येईपर्यंत १५ नॉटच्या पुढे जाऊ नका.

प्रश्न : विंडसर्फिंग शिकायला दोना पावला की उत्तरेचे किनारे? (पणजी)

दोना पावला. पण कुठली बाजू, ते पाहा. जुवारीकडच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर लाटा कमी असतात, म्हणून बोर्डावर उभं राहायला सोपं. मात्र वायव्य वारा तिथे टेकडी, झाडं आणि इमारतींवरून येतो. उंच अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या सात-आठ पट अंतरापर्यंत हवा घुसळलेली असते. किनाऱ्याशी सेल लटकतं आणि थोडं आत गेलं की एकदम झोत बसतो, तोही आत ढकलणारा. त्यामुळे सोबत बोट असेल तरच, आणि ६ ते १० नॉटमध्येच शिका. एकटे असाल तर करंजाळे बरं, पण दुपारचंच.

प्रश्न : मे अखेर आणि पावसाळ्यात वारा सर्वांत जोरात असतो. मग तेव्हाच का जाऊ नये? (डिचोली)

पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटे असतात. लाटा मोठ्या, खेचणारे प्रवाह सतत जागा बदलणारे, आणि मदतीला होडी घालणारं कुणी नाही. त्या महिन्यांत नाही म्हणजे नाही.

एप्रिल-मेचा धोका वेगळा, आणि तो पाठीमागून येतो. वळवाचे ढग दुपारी सह्याद्रीवर चढतात. आपण समुद्राकडे पाहत असतो, म्हणून ते दिसत नाहीत. मग खारा वारा अचानक पडतो, सगळं स्तब्ध होतं, आणि काही मिनिटांत पूर्वेकडून थंड हवेचा लोट येतो. चांगला चाललेला १४ नॉटचा वायव्य वारा उलटून समुद्राकडे नेणारा होतो, तोही दुप्पट जोराने आणि विजांसह. दर पंधरा मिनिटांनी मान वळवून घाटाकडे बघा. तिकडे काळं झालं आणि वारा मंदावू लागला की काइट लगेच उतरवा, हवा काढा, लाइन गुंडाळा. मित्र अजून पाण्यात असतील तर त्यांनाही हाका मारून बाहेर बोलवा.