चुकीचे बटण लिहिताच येऊ नये

गंगापूर रोड, नाशिक

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

रविवारी लॅपटॉप उघडून, एका बटणाने आपला आठवडा खाल्ला असे तू म्हणालीस, तेव्हा मला हसू आले नाही. तुझ्या बटणाच्या कंपोनंटला, म्हणजे पडद्यावर पुन्हा पुन्हा वापरायच्या त्या तयार तुकड्याला, प्रायमरी, सेकंडरी, डेंजर, आउटलाइन आणि लोडिंग असे पाच बूलियन प्रॉप, म्हणजे बाहेरून द्यायची हो-नाही मूल्ये, आहेत. पाच हो-नाही म्हणजे 32 जोड्या, आणि तुमच्या डिझाइनमध्ये त्यांतल्या मूठभरच आहेत. प्रायमरी आणि डेंजर दोन्ही दिले तर बटण कोणत्या रंगाचे दिसेल, असे मी विचारले, तर तू रंगरूप ठरवणारी सीएसएसची फाइल उघडलीस. उत्तर तिथे शोधावे लागले, दोष तोच. 'व्हेरिएंट' हा एकच प्रॉप ठेव आणि त्याचा टाइपस्क्रिप्टमधला टाइप, म्हणजे त्यात कोणती मूल्ये बसतील याची व्याख्या, चार ठरावीक शब्दांचा युनियन कर, म्हणजे त्या चारांपैकीच एक चालेल. लोडिंग वेगळे राहू दे, कारण ती बटणाची जात नसून अवस्था आहे. मात्र व्हेरिएंटला नुसते 'स्ट्रिंग', म्हणजे कोणताही मजकूर, असे लिहून मोकळी होऊ नकोस. स्ट्रिंगमध्ये 'डेंजर' बसते तसे 'डेंजरर'ही बसते. चुकीचे बटण लिहिताच येऊ नये, एवढ्यासाठीच आपण टाइप लिहितो.

या हट्टाला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कांदा व्यापाऱ्यासाठी हिशेबपट्टीचे अ‍ॅप केले होते. फॉर्ममध्ये 'ओळ वाढवा' असे बटण होते आणि त्याला एचटीएमएलचा 'टाइप' हा, बटण काय करते ते सांगणारा, अ‍ॅट्रिब्यूट मी दिला नव्हता. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आतले असे बटण आपोआप सबमिट, म्हणजे फॉर्म पाठवणारे, ठरते, हे मला ठाऊक होते. फक्त त्या दिवशी आठवले नाही. मुनीम दुसरी ओळ वाढवायला गेला की अर्धवट पट्टी जतन व्हायची, आणि गोण्या एका वजनाच्या, पैसे दुसऱ्याच वजनाचे असा घोळ संध्याकाळपर्यंत चालला. शेतकरी काट्यापाशी ताटकळत उभे होते. त्यांच्यासमोर 'माझ्या लक्षात राहिले नाही' हे वाक्य मला उच्चारता आले नाही.

म्हणून तुझ्या बटणाचा एचटीएमएलचा 'टाइप' मुळातच 'बटण' असू दे. सबमिट हवे असेल त्याने ते मुद्दाम लिहावे. आता नीट वाच, कारण इथे तू घाई करशील. टाइपस्क्रिप्टचे टाइप जावास्क्रिप्ट तयार होताना पुसले जातात, त्यामुळे हे मूळ मूल्य कोडमध्येही द्यावे लागते, आणि ते प्रॉप्स उलगडतानाच, म्हणजे कंपोनंटच्या सुरुवातीला त्यांना एकेका नावाने वेगळे काढतानाच, द्यावे. जेएसएक्समध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या एचटीएमएलसारख्या खुणांत, आधी टाइप लिहून मागाहून उरलेले प्रॉप्स पसरलेस, तर कोणी 'अनडिफाइन्ड', म्हणजे न दिलेले मूल्य, पाठवताच तुझे मूल्य झाकले जाईल आणि बटण पुन्हा सबमिट होईल. उलगडताना दिलेले मूल्य मात्र अनडिफाइन्ड आले तरी टिकते.

नुसत्या आयकॉनच्या बटणाचेही तेच. त्यावर अक्षरे नसतात, म्हणून आरिया-लेबल, म्हणजे ऐकवायचे नाव, नसेल तर पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ते निव्वळ 'बटण' म्हणून ऐकू येते. तेव्हा प्रॉप्सचे दोन वेगळे आकार लिहून त्यांचा युनियन कर: अक्षरे असलेल्यात लेबल ऐच्छिक, आयकॉनच्यात सक्तीचे. लेबलावाचून आयकॉनचे बटण लिहिताच येऊ नये. सूचनाफलकावर नियम लिहून काय होते, ते आपण कोणत्याही सोसायटीच्या जिन्यात पाहतो.

माझेही चुकले आहे, ते लपवत नाही. कांद्याच्या प्रकरणानंतर मी एका बटणाचा टाइप इतका गुंतागुंतीचा केला की चूक झाल्यावर एडिटरमध्ये उमटणारा संदेश कोणालाच वाचता येईना, आणि कंटाळून एका सहकाऱ्याने सरळ 'एनी', म्हणजे काहीही चालेल, असे लिहिले. मी त्याच्यावर सर्वांदेखत ओरडलो. तो माझ्याशी पुढे कामापुरतेच बोलला, आणि त्यात चूक माझी होती. तरीही 'एनी' मी काढायलाच लावले, आणि आजही लावीन. टाइप सोपा करता येतो. तो सोडून देण्याची गरज नसते. तुझे वरिष्ठ 'आधी चालू तर होऊ दे' म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण मुनिमासमोर उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आलेली दिसत नाही.

बुधवारी ये. त्याआधी आयकॉनचे बटण लेबलाशिवाय मुद्दाम लिहून बघ. खाली चूक दाखवणारी लाल रेघ उमटली नाही, तर काहीही दुरुस्त न करता फाइल तशीच घेऊन ये.

तुझा,
काका