धावताना फोन न नेता गाणी ऐकता येतील असं जीपीएस घड्याळ कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून चार दिवस धावता, बजेट पस्तीस हजार आहे आणि दुकानदार म्हणाला, "हल्ली सगळ्यांतच म्युझिक असतं." या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य आमच्याही कानावर पडलं होतं आणि त्यापायी आमचे चौदा हजार रुपये गेले.

सगळ्यांत म्युझिक नसतं. बऱ्याच घड्याळांत नुसतं म्युझिक कंट्रोल असतं. म्हणजे गाणं फोनमध्ये, फोन खिशात, आणि घड्याळ फक्त पुढचं-मागचं गाणं बदलणार. तुम्हाला हवंय ते म्युझिक स्टोरेज. त्यात गाणं घड्याळातच साठतं आणि इअरफोन थेट घड्याळाला जोडतात. खोक्यावरची गाण्याची खूण बघून मात्र हा फरक कळेलच असं नाही.

मी साताऱ्याची. पतसंस्थेत नोकरी करते आणि पहाटे यवतेश्वरच्या घाटात धावते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच रस्त्यावर होते, त्यामुळे इथे धावणारे पुष्कळ. सुरुवातीची दोन वर्षं दंडाला पट्टा बांधून फोन नेत होते. घाम सुटला की पट्टा घसरायचा, पावसात प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी लागायची. पण खरा त्रास फोन वाजण्याचा होता. सकाळी साडेपाचला मी तिसऱ्या वळणावर, आणि घरून फोन: गॅसची टाकी संपली, दुसरीचं कुलूप कुठंय? उचलायचा नाही असं ठरवलं तरी मनात येतं, सासूबाईंना काही झालं नसेल ना? मग थांबायचं. एकदा दहा किलोमीटरमध्ये चार वेळा थांबले. त्या दिवशी घरी येऊन सांगितलं की उद्यापासून फोन घरी. नवरा म्हणाला, घाटात बाईमाणसाने फोनशिवाय जायचं नाही. त्या एका वाक्यावर आमचा वाद सुरू झाला तो वर्षभर चालला.

शेवटी त्यांनीच माझ्या वाढदिवसाला घड्याळ आणलं. दुकानदाराला नीट विचारून आणलं होतं, "गाणी वाजतात ना?" म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फोन मुद्दाम देवघरासमोर ठेवला आणि निघाले. घाट चढायला लागताना बटण दाबलं. काचेवर अक्षरं आली: फोन कनेक्ट करा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अंधारात त्या काचेचा उजेड हातावर पडलेला, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी. इअरफोन कानातच राहू दिले आणि चौदा किलोमीटर तशीच धावले. घरी आल्यावर त्यांचा चेहरा पाहून मला जास्त वाईट वाटलं. माणसाने हौसेने आणलं होतं. दुकानाने परत घेतलं नाही, कारण खोकं फोडलं होतं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय अडलंय, गाण्यांशिवाय धाव. आमच्या ग्रुपमधले ज्येष्ठ धावपटू हेच सांगतात, स्वतःचा श्वास ऐका. ज्यांना ऐकायचाय त्यांनी जरूर ऐकावा. मी ऐकते ती आप्पांची भजनं. वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. १९९१ च्या हरिनाम सप्ताहात कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवून चार कॅसेटी भरल्या होत्या. आप्पा २०१७ ला गेले. त्या कॅसेटी मी साताऱ्यात एकाकडून एमपी३ करून घेतल्या. मध्येच खोकला ऐकू येतो, कुणीतरी चहा विचारतं, आणि गवळण रंगली की आप्पांचा हात असा चढत जातो की चढावर पाय आपोआप उचलले जातात. हे कुठल्या ॲपवर मिळणार? म्हणून माझ्यासाठी निकष एकच होता: माझी स्वतःची फाइल केबलने घड्याळात टाकता आली पाहिजे.

दुसरं घड्याळ मी २०२१ मध्ये स्वतःच्या पगारातून घेतलं, गार्मिन कंपनीचं फोररनर २४५ म्युझिक. नावातला 'म्युझिक' नीट बघा. त्याच मॉडेलचं बिनम्युझिकचं २४५ ही निघत होतं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. तोच घोटाळा गार्मिनच्याच फोररनर १६५ आणि १६५ म्युझिक यांच्यात आहे. तुमच्या बजेटच्या आसपास मी १६५ म्युझिकच बघेन. २६५ मध्ये गाणी सरसकट असतात, शिवाय दोन फ्रिक्वेन्सीचं जीपीएस येतं, उंच इमारती आणि कड्यांजवळ त्याचा फरक पडतो. पण पैसे जास्त. कोरोस कंपनीचं पेस ३ हलकं आहे, बॅटरी उत्तम, मात्र त्यात फक्त एमपी३ चालतात, स्पॉटिफायसारखं गाण्यांचं ॲप नाही. मला पुरलं असतं, तुम्हाला पुरेल का ते तुम्ही बघा. गार्मिनच्या म्युझिकवाल्या घड्याळांत स्पॉटिफाय चालतं, पण गाणी उतरवून घ्यायला प्रीमियम, म्हणजे पैसे भरून घेतलेलं खातं लागतं. ॲपल वॉच आयफोनवाल्यांसाठी, आणि ते जवळपास रोज चार्ज करावं लागतं.

गाण्यांसाठी घड्याळात चार जीबी जागा म्हणजे कमी असं समजू नका. साधारण दर्जाचं (१२८ केबीपीएसचं) एमपी३ मिनिटाला साधारण एक एमबी खातं. माझ्या चारही कॅसेटी मिळून अडीचशे एमबीसुद्धा होत नाहीत. बॅटरीचं मात्र आधी वाचा. खोक्यावर जीपीएसचे तास मोठ्या अक्षरांत असतात, गाण्यांसकटचे बारीक अक्षरांत. माझ्या २४५ ला जीपीएसवर चोवीस तास सांगितले होते, गाणी लावून सहा. हाफला पुरतं. पूर्ण मॅरेथॉन सावकाश धावणाऱ्याने हिशेब करावा.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नाही. घरात गाणी छान वाजायची आणि घाट चढून वर सपाटीला गेलं की तुटायला लागायची. आधी वाटलं घड्याळच खराब. नंतर कळलं की ब्लूटूथची लहर पाण्यात शोषली जाते आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. घरात भिंतींवरून लहर परतून कानापर्यंत पोचते, माळावर परतायला काही नसतं. माझं घड्याळ डाव्या मनगटावर, इअरफोनचा मुख्य कान उजवा, मध्ये सगळं शरीर. घड्याळ उजव्या हातात घातलं आणि तुटणं जवळपास थांबलं. आता ऑफिसातही उजव्याच हातात असतं.

नवऱ्याच्या मुद्द्यावर येते, कारण तुमच्याही घरी तो निघेल. धावताना आपण पडलो तर घरी मेसेज जातो, असं यातली बरीच घड्याळं सांगतात, पण तो मेसेज फोनमार्फत जातो. फोन घरी असेल तर काही जात नाही. इतकं त्यांचं बरोबर होतं आणि मी ते मान्य केलं. मग आम्ही ठरवलं: निघताना मार्ग आणि परतायची वेळ फ्रिजवरच्या पाटीवर, कमरेच्या पाकिटात शंभराची नोट आणि नाव-रक्तगट-नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि वीस मिनिटं उशीर झाला तर ते गाडी काढणार. दोनदा काढलीही. सिमचं घड्याळ घ्या असं ते अजून म्हणतात. माझं उत्तर तेच आहे: त्यावरही फोन येणारच, आणि दिवसातला तो एकच तास मला कुणी हाक मारत नाही. तो मी सोडणार नाही. तुम्हाला हृदयाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर मात्र माझं ऐकू नका, सिमचंच घ्या किंवा फोन न्या.

रस्त्यावर एकच कान वापरा, किंवा कान उघडे ठेवणारे इअरफोन घ्या. कासची फुलं सुरू झाली की आमच्या घाटात पहाटेपासून गाड्या असतात, हॉर्न ऐकू यायलाच हवा. स्पर्धेला जाताना इअरफोन चालतात का ते नियमात बघा. स्पॉटिफाय वापरणार असाल तर गाणी वायफायवरून उतरतात, आणि हॉटेलात लॉगिनचं पान उघडतं तसलं वायफाय घड्याळाला जमत नाही. घरूनच भरून निघा.

दुकानात गेलात की तुमचा फोन बंद करा, दुकानदारालाही त्याचा बाजूला ठेवायला सांगा, आणि स्वतःचे इअरफोन त्याच मॉडेलच्या दुकानातल्या डेमो घड्याळाला जोडून एक गाणं वाजवून दाखवायला सांगा. वाजलं तरच पैसे द्या. खोकं त्यानंतर फोडा.