पुतण्याला गोवर, मला पाचवा महिना

पत्र: काल सोमवारी पुतण्याच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टर गोवर म्हणाले. तापाने किरकिर करत तो चार दिवस माझ्याच खोलीत होता. माझा जन्म १९९५चा, लसीचं कार्ड सापडत नाही. आई म्हणते, लहानपणी गोवर येऊन गेलाय. शेजारीण म्हणते, बाळात व्यंग राहील. माहेरी जाऊ का? तिथे वहिनीचं सहा महिन्यांचं बाळ आहे. पण गेले तर जाऊबाईंना लागेल.

उत्तर: ताई, हे उत्तर तुम्हाला आजच मेलवर पाठवलंय, कारण यात दिवस मोजावे लागतात.

शेजारीण सांगते ते रुबेलाचं, म्हणजे जर्मन गोवराचं. साध्या गोवराने बाळात तशी व्यंगं येताना दिसत नाहीत. तरी हलक्यात घेऊ नका. गरोदरपणी गोवर झाला तर आईला न्यूमोनियाचा धोका वाढतो. गर्भपात होऊ शकतो, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते.

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो. म्हणजे तुमचा संपर्क गुरुवारपासूनचा. प्रतिकारशक्ती नसलेल्या गरोदर बाईला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, शिरेतून देतात, तेही संपर्कापासून सहा दिवसांत. तुमच्यासाठी ती मुदत उद्या, बुधवारी संपते. सगळेजण पुरळ उठल्यापासून दिवस मोजतात आणि तिथेच फसतात.

आजच तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा आणि गोवराची आयजीजी तपासणी (रक्तात गोवराविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, ते पाहणारी) तातडीची म्हणून करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर तुम्ही सुरक्षित आहात. आईच्या आठवणीवर विसंबू नका, आपल्याकडे अंगावर उठलेल्या कशालाही गोवर म्हणतात. तुमच्या लहानपणी सरकारी लसीकरणात नवव्या महिन्याचा एकच डोस होता, दुसरा २०१० नंतर आला. त्या एका डोसने शंभरातल्या सुमारे ८५ मुलांना संरक्षण मिळतं. रिपोर्टला उशीर होणार असेल तर थांबायचं की नाही, हे डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा किलोमागे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला २४ ग्रॅम. औषध महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, म्हणून मोठ्या रुग्णालयात आधी चौकशी करा. गोवराची लस मात्र आत्ता घ्यायची नाही. ती जिवंत विषाणूची असते, गरोदरपणी देत नाहीत.

माहेरी जाऊ नका. रिपोर्टमध्ये प्रतिकारशक्ती दिसली नाही, तर संपर्काच्या पाचव्या दिवसापासून, म्हणजे आजपासूनच, तुम्ही स्वतः संसर्ग नेऊ शकता. वहिनीच्या बाळाची पहिली लससुद्धा अजून झालेली नसणार. २१ दिवस लहान मुलांपासून लांब राहा, इम्युनोग्लोब्युलिन घेतलं तर २८. जाऊबाईंना हेच सांगा: पुरळ यायच्या आधीच हा पसरतो, त्यांची काही चूक नाही. पुतण्याला डॉक्टर जीवनसत्त्व अ देतील. 'तूही घे' म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका, तो मोठा डोस गरोदरपणी घातक असतो.

ताप, खोकला, लाल डोळे दिसले तर आधी फोन करून, मास्क लावून जा. गरोदर बायकांच्या रांगेत बसू नका, हा विषाणू हवेत दोन तास टिकतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन नको. दम लागला, पोटात कळा आल्या किंवा अंगावरून गेलं तर थेट रुग्णालयात.

तपासणीत प्रतिकारशक्ती दिसली नाही, तर बाळंतपणानंतर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) घ्या, अंगावर पाजत असलात तरी चालतं. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर त्या दिवसापासून आठ महिने थांबा, नाहीतर लस लागू पडत नाही.